न खणलेली दुसरी जागा

चकलांब्याच्या रस्त्याला आमचं रान होतं. वडील आणि चुलते वेगळे निघाले तेव्हा आमची त्रिकोणी वाटणी तीन खुणांनी ठरली: रस्त्यालगतचा लिंब, आतली विहीर आणि रस्त्यालगतच पुरलेला एक दगड. लिंबापासून विहीर किती आणि विहिरीपासून दगड किती, हे दोघा भावांना तोंडपाठ होतं. पुढे रस्त्याच्या कामात दगड कुणीतरी उपटून नेला.

मी तेव्हा बारावीला होतो. साइनचा नियम शिकवताना सरांनी बजावलं होतं, दोन बाजू आणि त्यांच्या मधला नसलेला कोन दिला असेल तर कधीकधी त्रिकोण दोन निघतात. लॉग टेबल लघुकोन देऊन गप्प बसतं. तो एकशे ऐंशीतून वजा करून विशालकोनही बसतो का, ते आपण बघायचं. आमच्या रानात तो बसत होता. विहीर ते दगड एवढ्या अंतराचा दोर घेऊन, विहिरीवर त्याचं टोक धरून फिरवला की तो रस्त्याला दोन जागी टेकायचा, एक लिंबाच्या जवळ, एक लांब. मधला पट्टा म्हणजे सगळ्या रानातली उत्तम काळी माती. दगड लांबच्या जागी असेल तर पट्टा आमचा, नाहीतर चुलत्यांचा.

पुढे कापसाच्या व्यापारात मी भल्याभल्यांना घाम फोडला, पण माझा पहिला सौदा तो. हद्दीचा निवाडा करायला बसलेल्या गावातल्या चार माणसांना मी दोन्ही त्रिकोण मातीत काढून दाखवले, दगड लांबच्याच जागी होता म्हणून हटून बसलो आणि शेवटी पट्टा निम्मा-निम्मा करा म्हणालो. चुलते हसले.

"दगुड एकाच जागी असतो, बाबा. दोन जागी तुझं गणित असंल."

आमच्याकडे हद्दीचा दगड पुरताना खाली कोळसा टाकतात. तो कुजत नाही. म्हणून खणून बघायचं ठरलं. आधी जवळची जागा खणली. हातभर खाली कोळसा लागला आणि माणसं धोतर झटकून उठली.

मी ओरडलो, हा आमच्या आगटीच्या खड्ड्यातला कोळसा आहे. खरंच होतं ते. दर हिवाळ्यात आम्ही सगळी भावंडं तिथेच हुरडा भाजायचो. चुलते स्वतः कणसं चोळायचे, गरम दाणे आधी माझ्या ओंजळीत टाकायचे, आणि मी हात भाजला म्हणून बोंबललो की वडील हसायचे. ती चव मला अजून कुठल्या हुरड्यात सापडली नाही. दुसरी जागाही खणा, असं मी सांगत राहिलो. वडिलांनी दंडाला धरून मला घरी आणलं.

वाटेत ते एवढंच म्हणाले, "अन् तिथं बी कोळसा निघाला असता तर? भावाला चारचौघांत खोटं पाडू व्हय?"

त्या उत्तराचा राग मी आजवर सांभाळला. वडील गेले, चुलते गेले, पट्टा चुलतभाऊ कसतो. आमचं बोलणं लग्न-मयतापुरतं उरलं.

यंदा रस्त्याकडेने पाण्याची पाइपलाइन आली. चुलतभावाचा फोन आला, लगेच ये म्हणाला. मी गेलो तर त्याने मशीन थांबवून ठेवली होती. लांबच्या जागी, काळ्या मातीत, बाभळीच्या कोळशाचा थर स्वच्छ दिसत होता. तिथे कधी कुणी हुरडा भाजला नव्हता.

तो म्हणाला, "बोल. काय मागायचं ते माग."

जन्मभर समोरच्याला आधी आकडा बोलायला लावणारा मी, मला काही मागता येईना. भलतंच विचारलं.

"तुझ्या बापाला ठाव होतं का बे?"

"न्हाई माहीत. मी कधी इचारलंच न्हाई."

आणि मग मला त्याचाच राग आला, की माझे वडील जिवंत असताना त्याने ही मशीन का आणली नाही.