नानांची न संपणारी वही

नाना गेल्याची तार नंदुरबारच्या कचेरीत आली, तेव्हा मी पान खात होतो. तार वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पान पुरतं चघळून मगच उठलो... मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि मी गप्पच राहणार होतो. पण शहाद्याच्या शोकसभेत नानांना 'इंग्रजीचे प्रकांड पंडित' म्हटलं गेलं, आणि आता त्यांच्यावर चार शब्द लिहून द्या, असं पुरवणीच्या संपादकांचं पत्र आलं आहे. नाना माझे सख्खे काका. शाळेसाठी सात वर्षं मी त्यांच्या घरी राहिलो. त्या अन्नाला जागून, जे पाहिलं तेवढंच लिहितो.

नाना शहाद्याला इंग्रजीचे मास्तर होते आणि त्यांचं सगळं पांडित्य एका क्रियापदात होतं. 'टेक'. औषध घेतात तेव्हा टेक, फोटो काढतात तेव्हा टेक, गाडी पकडतात, वेळ लागतो, एखादी गोष्ट मनाला लागते, सगळीकडे टेक. हा शोध जणू त्यांनीच लावला होता. नवा अर्थ सापडला की ते भरल्या ताटावरून उठत, चिठ्ठीवर खरडत आणि ती चिठ्ठी मेजावरच्या पितळी दौतीखाली ठेवत. घरात बोलायचं तेही पुस्तकी मराठीत. आपल्या सख्ख्या आईनं अहिराणीत 'काय करी ऱ्हायना रे भाऊ' म्हटलं, तर म्हातारीला दुरुस्त करणारा हा माणूस.

चिठ्ठीवरचं वहीत पक्कं उतरवायचं काम तापीताईचं. ही नानांची एकुलती एक मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिला कळसाडीला दिली होती. नवऱ्यानं दुसरी केली आणि सोळाव्या वर्षी ती माहेरी परतली. तिला मॅट्रिकला बसायचं होतं. बायकांना घरी अभ्यास करून बसता येतं, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. नाना म्हणाले, "शंभर अर्थ झाले की वही पुरी. वही पुरी झाली की तुझा फॉर्म भरू." ती पहाटे उठून दळण उरकायची आणि दौतीखालची चिठ्ठी काढून लिहायला बसायची. अक्षर असं की छापल्यासारखं. माझे इंग्रजीचे धडे तीच घ्यायची, आणि मी पास झालो की नाना शाळेत मिशीला पीळ देत.

शहाण्णव अर्थ झाले होते तेव्हाची गोष्ट. नवापूरला लग्न होतं. नंदुरबार स्टेशनात आम्ही चुकून भलत्याच डब्यात शिरलो. गोरा गार्ड आला आणि कुठं जायचं म्हणून विचारू लागला. साधा प्रश्न. नानांनी कोटाची बटणं लावली, घसा खाकरला, दोनदा 'येस सर' म्हणाले आणि घामाघूम झाले. वीस वर्षं पोरांच्या तळहातावर इंग्रजी उमटवणाऱ्या माणसाला 'नवापूर' एवढंही सांगता येईना. शेवटी पदर सावरून तापीताई पुढं झाली आणि दोन वाक्यांत तिनं सांगितलं. गार्ड हसला, टोपीला हात लावला आणि आमचा डबा त्यानं स्वतः दाखवला. नाना नवापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले होते.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुसरी वही आणली. "शंभरात काय होतं? भाषा समुद्र आहे," म्हणाले. मग तिसरी आली. एकदा 'परीक्षेला बसणे' हा अर्थ निघाला, तेव्हा उदाहरणाच्या वाक्यात तापीताईनं मुलाच्या जागी मुलगी घातली. नानांनी तांबड्या शाईनं ते पान फाटेस्तोवर खोडलं. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मुलगी आपल्यापुढं जाईल या भीतीपोटी त्यानं तिला आपला कारकून करून ठेवलं आणि वर त्याला विद्याव्यासंग म्हणाला.

पण भित्रा तो एकटाच नव्हता. मी मॅट्रिक होऊन नोकरीच्या शोधात निघालो, त्या दिवशी ती ओट्यावर माझ्याजवळ आली. "भाऊ, तू एकदाव नानाले सांग ना. मन्हं त्या ऐकतस नही." मी म्हणालो, सांगतो. सांगितलं नाही... नानांची एका हेडमास्तरांशी ओळख होती आणि माझी नोकरी त्या ओळखीनं लागायची होती. नानांची मला कीव येते. स्वतःची तर किळस येते.

तेराव्याला मी शहाद्याला गेलो. पाहुणे पांगल्यावर सवयीनं मेजाकडं पाहिलं. दौतीखाली चिठ्ठी होती. काढून पाहिली तर अक्षर तापीताईचं: 'फॉर्म आणणे. हेडमास्तरांची सही घेणे.' ती दारात उभी होती. कानशिलाशी केस पिकलेले. तिनं अकरावी वही माझ्यासमोर उघडली. शेवटच्या पानावर, अर्ध्यातच, दोन रेघा मारून तिनं 'समाप्त' लिहिलं होतं. "वही पुरी व्हयनी, भाऊ," म्हणाली. "आते नानानी बात पुरी कर."

गेल्या रविवारी फॉर्म घेऊन गेलो. हेडमास्तर तेच, माझी नोकरी लावणारे; सहीसाठी त्यांच्या दारात दोन तास उभा राहिलो, एवढंच माझं प्रायश्चित्त. ती मेजाशी बसली. मी म्हटलं, आधी कच्चं लिहून घे. तिनं नकारार्थी मान हलवली आणि सरळ फॉर्मावर नाव लिहिलं. त्या मेजावर, समोर नानांची चिठ्ठी नसताना, तिला लिहिताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. खिडकीतून वारा येत होता. शाई वाळेपर्यंत कागद उडू नये म्हणून तिनं त्याच्या कोपऱ्यावर तीच दौत ठेवली.