रुमाल मागणारा मिस्त्री

घोटीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. चिखलात फसलेल्या गाड्या ओढायला माझ्या जीपला विंच आहे, तिची पोलादी तार मी त्याला दाखवायला नेली होती.

"तार ठणठणीत आहे, नुसतं ग्रीस लावा," असं म्हणत मी तिच्यावरून हात फिरवायला गेलो, तर त्यानं माझं मनगटच धरलं.

"हात ऱ्हाऊ द्या. रुमाल हाय का?"

बायकोनं वाढदिवसाला दिलेला रुमाल मी काढून दिला. चामडी हातमोजे चढवून त्यानं तो तारेवरून हळूच ओढला. टोकाजवळ टर्रकन आवाज झाला. तारेच्या पिळातली केसाएवढी तुटकी काडी सुईसारखी वर आली होती. रुमाल आणखी दोनदा फाटला, तेव्हा त्यानं तारेचा तेवढा तुकडा कापून टाकला आणि टोकाचा हूक नव्यानं क्लॅम्पात आवळला.

"तुमच्याकडं चिंधी नव्हती का हो?" मी चिडून विचारलं.

"पोतंभर हाय की! पण माझी चिंधी फाटली असती, तर तुम्ही उद्या परत उघडा हात लावला असता."

मग हातमोजे काढून, माझ्याच रुमालाला त्यानं आपली दहाही शाबूत बोटं सावकाश पुसली.