बादलीतली कुऱ्हाड

पुण्यात एका हॉलमध्ये लोक फळ्यांवर कुऱ्हाडी फेकतात आणि त्याला खेळ म्हणतात, हे मी घोडेगावात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. माझ्यावर एरवीही कोणी ठेवत नाही. पण मुलीने मला एकदा तिथे नेलं, माझी तिसरीच कुऱ्हाड मधल्या लाल ठिपक्याशेजारी रुतली, आणि पन्नाशीत, सुटलेल्या पोटासह, मी खेळाडू झालो. माझ्या बियाण्यांच्या दुकानामागे फळ्या ठोकून वर्षभर सराव केला आणि स्पर्धेत नाव दिलं.

तेव्हा अक्का, माझी थोरली बहीण, आजारातून नुकती उठत होती. वडिलांमागे घरचं सुतारकाम तिनेच चालवलं. बाजारात ती कुऱ्हाडी-कुदळींचे दांडे विकायची. बाई दांडा घालते म्हणून हसणारे पुढच्या बाजाराला तिच्याकडेच यायचे. मग तिची उजवी बाजू लुळी पडली. हात पुढे थोडा सुधारला, पण तिचं काम संपलं, असं आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

"दांडा मी घालीन," ती म्हणाली. "हत्यार फेकायचं म्हंजे पापच हाय. पन घालीन."

बाभळीचा तो दांडा तासायला तिला तीन आठवडे लागले. पूर्वी ती चहाआधी दोन उरकायची. मदतीला गेलो की हाकलून द्यायची. शेवटी तिने दांडा पात्याच्या नेढ्यात, म्हणजे भोकात, बसवला, वरून पाचर ठोकली आणि कुऱ्हाड माझ्या हातात दिली. "कळंल आता," एवढंच म्हणाली. परीक्षा माझी नव्हती.

पहिल्या दोन फेऱ्यांत मी असा खेळलो की शेजारच्या फळीवरचा जिमवाला माझ्या पोटाकडे आदराने पाहू लागला. तिसऱ्या फेरीआधी पंचाने कुऱ्हाड हलवून पाहिली. पातं डुगडुगत होतं. पाचर सैल झाली होती. त्याने ती बाजूला ठेवली आणि मला आयोजकांची दिली. त्या परक्या कुऱ्हाडीने मी तिसरा आलो.

सैल कुऱ्हाड पाण्यात ठेवली की लाकूड फुगतं आणि पातं घट्ट बसतं. वाळलं की पुन्हा सैल. अक्काला डुगडुगतं पातं दाखवायचं नव्हतं, म्हणून मी स्टँडबाहेर एक बादली घेतली, पाणी भरलं, पातं खाली आणि दांडा वर असं ठेवून वरून गोणपाट गुंडाळलं आणि एसटीत ती पायांमध्ये धरून बसलो. कंडक्टरने विचारलं, कसलं रोप. बाभळीचं, म्हणालो. बांधाबांधावर बाभळी असताना ही पुण्याहून कशाला, असं तो म्हणाला. ही जात वेगळी, असं मी सांगितलं. नगर येईपर्यंत पातं हलेनासं झालं.

घरी पोचल्यावर स्पर्धेची नक्कल करत मी पंच झालो, प्रेक्षक झालो, जिमवाला झालो. अक्का हसली नाही. तिने डाव्या हातात कुऱ्हाड घेतली, नेढ्यावरून अंगठा फिरवला आणि तो नाकाशी नेला.

"भिजवली व्हय?"

मी गोणपाटाची घडी घालू लागलो.

"आपल्या घरातनं भिजवलेली कुनाला दिली न्हाई कधी."

आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं. पदक पुढे केलं तर तिने ते बाजूला सारलं आणि कुऱ्हाड कुठल्या फेरीत सुटली ते विचारलं. तिसरीच्या आधी, म्हणालो.

"म्हंजे दोन फेऱ्या धरली."

मग ती स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिली, बाजारात न्यायच्या बैलाकडे पाहावं तशी.

"तासलंय बराबर," ती म्हणाली. "माझा घाव बसत न्हाई. वाळू दे. मंग नवी पाचर मी तासते. ठोकायची तू."

मला जमणार नाही, म्हणालो. फेकायला जमतं ना, असं तिने विचारलं.

चौथ्या दिवशी पातं पुन्हा डुगडुगू लागलं. मी हातोडा घेऊन तिच्यासमोर बसलो. पहिल्याच घावाला पाचर तिरकी गेली. तिने ती मला उपसून काढायला लावली आणि दुसरी तासायला घेतली.