ठमीचे कान

शीतगृहात त्याला सगळे शंकासुर म्हणायचे आणि तोही मुकाट ओ द्यायचा. गाडीतून दूध उतरो नाहीतर मासळी, स्वतःचा थर्मामीटर लावून पाहिल्याशिवाय हा गृहस्थ एक पेटी आत घेत नसे. गाडीवाले कपाळाला हात लावत. पण त्याच्या हाताखालून नासका माल कधी बाहेर पडला नाही, हेही तितकंच खरं. नाशवंत वस्तू म्हटली की ती चार अंशांवर ठेवायची, एवढं एकच शास्त्र त्याला येत होतं आणि त्यावर त्याचं घर चाललं होतं.

बरं, हा संशय कामावरच ठेवून यावा की नाही माणसाने? पण नाही. दाराला कुलूप लावून जिना उतरला, की परत वर चढून कुलूप ओढून बघणार. बायकोने भेंडी कोवळी आहे म्हटलं तरी टोक मोडून बघणार. बायको घरीच शाळेचे गणवेश शिवायची. ती तोंडात टाचण्या धरून हसायची आणि पुढची शिवण मारायची. पदरात एकच मुलगी, ठमी, नुकतीच पहिलीत गेलेली. लग्नानंतर लगेच झालेली. तिच्या पाठीवर दुसरं व्हावं म्हणून दोघं तीन वर्षं वाट बघत होती, पण काही केल्या दिवस राहीनात.

डॉक्टरीणबाईंनी आधी बायकोच्या तपासण्या केल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, मग नळ्या मोकळ्या आहेत का ते बघायची तपासणी झाली. त्यात बिचारी कळवळली. सगळं ठीक निघालं तेव्हा बाई त्याच्याकडे वळल्या. एक मूल झालेल्या बापाला तपासणी कशाला, असं त्याने लगेच विचारलं. मधल्या काळात शरीरात काहीही बदलू शकतं, असं बाई म्हणाल्या. यांचं आणि लॅबचं साटंलोटं असणार, असं याने मनात धरलं.

लॅबमध्ये तर त्याच्या संशयाला ऊत आला. नमुना द्यायला तिथे एक खोली होती, पण तिची कडी त्याला सैल वाटली. छतावरचा दिवाही दिव्यासारखा वाटेना. शेवटी काउंटरवरची मुलगी कंटाळून म्हणाली, घरून आणा, पण तासाभरात पोचवा. कसा आणायचा ते ती नीट समजावून सांगत होती, बायको मान डोलवत होती, आणि हे महाशय बाटलीवरची चिठ्ठी नखाने खरवडून बघत होते. चिठ्ठी सहज निघतेय, मग अदलाबदल झाली तर जबाबदार कोण? त्या मुलीने हात टेकले.

नमुना न्यायच्या सकाळी बायको ठमीला शाळेत सोडायला गेली होती. त्याने बाटलीवर न पुसणाऱ्या शाईने आपली खूण केली. कामावरची छोटी थंड पेटी आदल्या दिवशीच घरी आणली होती. तिच्यात बर्फाच्या दोन पिशव्यांच्या मधोमध बाटली बसवली आणि थर्मामीटर लावला. बरोब्बर चार अंश. लॅबसमोर पेटी स्कूटरवरच ठेवली, कारण चारचौघांत ती कुठे मिरवायची? बाटलीवरचं दव रुमालाने पुसलं आणि ती खिडकीतून आत दिली. आतला माणूस फोनवर बोलत होता. त्याने मोजा घातलेल्या हाताने ती ट्रेमध्ये सरकवली. इतका जपून माल यांच्याकडे कोणी आणला नसेल, असं मनाशी म्हणत शंकासुर कामावर गेला.

रिपोर्ट आला. शुक्रजंतूंची संख्या ठीक, हालचाल जवळजवळ नाही. एका तपासणीवरून काही ठरवायचं नसतं, दीड महिन्याने पुन्हा करू, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं. ते त्याच्या कानांवरून गेलं. लॅबला चोर म्हणायचीही सोय उरली नव्हती, कारण बाटलीवरची खूण त्याचीच होती आणि ती रिपोर्टात नोंदवलेली होती.

मग शंकेची पाल चुकचुकली ती थेट घरात. आपल्यात काही जिवंतच नाही, तर ठमी कुठून आली?

हे त्याने कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी चांगली कानउघाडणी केली असती आणि बरं झालं असतं. तो मूग गिळून बसला आणि बघत राहिला. ठमीच्या कानांच्या पाळ्या गालाला चिकटलेल्या. त्याच्या सुट्या, बायकोच्याही सुट्या. वरच्या मजल्यावर एक वायरमन राहायचा. बायकोबरोबर जिना उतरताना त्याची गाठ पडली तेव्हा याने मुद्दाम थांबून पाहिलं, तर त्याच्या पाळ्या चिकटलेल्या! लग्नाच्या पहिल्या वर्षी घरातला पंखा बिघडला होता आणि तो याच वायरमनने दुरुस्त केला होता. दोनदा. एकच पंखा दोनदा कसा बिघडतो?

आता कामावरून आला की तो ठमीला जवळ बोलवायचा, तिचे केस मागे सारायचा, तिला खिडकीकडे वळवायचा आणि कान निरखायचा. गुदगुल्या होणार म्हणून ती आधी खिदळायची. मग नुसती उभी राहायला लागली. तिला खांद्यावर घेऊन जिना चढायचं त्याने बंद केलं. दुसऱ्या मुलाच्या काळजीने माणूस खचलाय, असं बायकोला वाटत होतं. ती त्याच्या ताटात एक घास जास्त वाढायची.

दुसऱ्या तपासणीच्या सकाळी ती घरीच होती. तो पेटीत बर्फाच्या पिशव्या रचत होता.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"बाटलीला. मागच्या वेळीही असंच नेलं होतं. चार अंशांवर."

ती बघतच राहिली. मग भिंतीला टेकून बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवून आणा, असं ती मुलगी घसा फोडून सांगत होती की! गारठून मेले ते बिचारे."

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि त्या आनंदात त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे ठमी..."

तिचं हसू थांबलं.

"म्हणजे ठमी काय?"

त्याने पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. तेवढ्यात तिला सगळं कळलं. खिडकी, केस, कान. जिन्यात वायरमनकडे रोखून बघणंही. ती उठली, पदराने डोळे पुसले आणि मशीनवर जाऊन बसली. आदळआपट केली असती तर त्याला सोसली असती. पण ती नुसती शिवत राहिली.

बाटली त्याने अंगाच्या उबेत नेली. रिपोर्ट स्वच्छ आला. सगळं व्यवस्थित, थोडा धीर धरा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याच पावली तो घरी आला आणि कागद बायकोसमोर धरला. तिने मशीन थांबवलं नाही.

"या कागदाने आज ठमी तुमची झाली का?" ती म्हणाली. "आणि पुन्हा तसाच आला असता तर?"

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. ठमी कोपऱ्यात कापडाच्या चिंध्या जोडत बसली होती. तिला उचलून खांद्यावर घ्यावं, जिना दहादा चढून उतरावा, असं त्याला भडभडून आलं. तो खाली बसला, दोन्ही हात पसरले आणि तिला हाक मारली.

ठमी उठून आली. हात पसरलेले तिने पाहिले, पण मिठीत शिरली नाही. सवयीने खिडकीकडे वळली, आपल्याच हाताने केस मागे सारले आणि कान त्याच्यापुढे करून गप्प उभी राहिली.