चौथा भाग गव्हाणीत

चष्मा पुसायला दोन्ही हात लागतात. म्हणून हातातलं पुस्तक मी क्षणभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीतल्या उसावर ठेवलं. चष्मा लख्ख झाला, डोळ्यांवर चढवून बघतो तर ट्रॉलीच नाही. ट्रॉलीवाल्या बब्रुवानचा ट्रॅक्टर तिला ओढत, गाणी वाजवत ऊस टाकायच्या गव्हाणीकडं निघालेला. मी धावलो, पण रिटायर मास्तराचं धावणं ते किती! बब्रुवानच्या उसाबरोबर ‘शनीची मुक्कामी गाडी’ या विनोदी विज्ञान-कादंबरीमालेचा चौथा भागही चरकात गेला.

काट्याच्या खिडकीतून हे सगळं बुद्धघोषनं पाहिलं. बुद्धघोष सरवदे माझा जुना विद्यार्थी, आता साखर कारखान्यावर काटा क्लार्क. त्याच्यासाठीच ते पुस्तक घेऊन मी कळंबहून आलो होतो. एक ट्रॉली उतरून दुसरी चढेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात तो अर्धं-पाऊण पान वाचतो. हंगाम सुरू झाल्यापासून त्यानं असे तीन भाग संपवले. तिसऱ्याच्या शेवटी म्हणे यंत्रमानव कंडक्टर डावा हात गमावून शनीच्या स्टँडवर राहतो आणि गाडी निघून जाते. तेव्हापासून बुद्धघोषला चैन नाही. त्याची बायको नंदा सांगत होती, जेवताना घास हातात धरून विचारतात, “त्याला न्यायला कुणी आलं असंल का?”

चौथा भाग आता कुठं मिळत नाही. पाचवा माझ्याकडं होता, पण बुद्धघोषनं त्याला बोटसुद्धा लावलं नाही. मधली ट्रॉली सोडून पुढची काट्यावर घेत नसतात म्हणाला आणि चार पावलांच्या केबिनमध्ये फेऱ्या घालू लागला.

“मग गुरुजी, तुमीच सांगा चौथा.”

आता तुमच्यापासून काय लपवायचं? पाचही भाग तोंडपाठ आहेत असं मी गावभर सांगत आलोय, पण खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट अजून दुसऱ्या भागाच्या मध्यावरच आहे.

तीन दिवस मी काट्यावर बसून चौथा भाग रचला. वादळं आणली, टायर पंक्चर केले. बुद्धघोष खिडकी ते दार, दार ते खिडकी. अखेर तिसऱ्या दिवशी गाडी परत फिरवली, कंडक्टरला आत घेतलं आणि घंटीची दोरी ओढायला लावली.

बुद्धघोष प्रथमच जागेवर थांबला. बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न देत होते.

“कंच्या हातानं वढली?”

“डाव्या,” मी ठणकावून सांगितलं. “उजव्यात तिकिटं होती ना.”

तो परत खिडकी ते दार फेऱ्या घालू लागला.

“का रे, काय झालं?”

“गुरुजी, तुमी तिसराबी वाचला न्हाय.”