पांढरी बाटली

बाटली भरली की दत्तूमामा ती उजेडासमोर तिरकी धरून पाहत. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी सगळं पाणी ओतून देत आणि पुन्हा भरत. “पाण्याला उसना श्वास द्यायचा न्हाय, ताई,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

कोल्हापुरात आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. शिक्षण सातवीपर्यंत. मी कागलजवळच्या खेड्यातली, घरातली पहिली पदवीधर. बाटलीचं बूच कसं लावायचं इथपासून सगळं मला त्यांनीच शिकवलं. खाणावळ बंद असली की त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी माझी असे.

माझं संशोधन कोकणातल्या एका खाडीवर होतं. शेतातलं खत आणि गावाचं सांडपाणी खाडीत उतरलं की शेवाळ माजतं आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. तो कुठे किती संपेल, हे सांगणारं मॉडेल मी संगणकावर बांधत होते. दर महिन्याला मामा आणि मी घाट उतरून जायचो. नमुन्यात दोन औषधं टाकली की साका बसतो: प्राणवायू असेल तर तांबूस, नसेल तर पांढराशुभ्र.

पावसाळा सरल्यावरच्या फेरीत तळाच्या चारही बाटल्या पांढऱ्या निघाल्या. होडीतच मामांनी वरचं आणि खालचं पाणी जिभेला लावून पाहिलं. “वरचं गोडं, खालचं खारं. दोघांचं बोलणं बंद हाय बघा!”

मी हसले. माझ्या मॉडेलमध्ये खाडीचं पाणी वरपासून तळापर्यंत एकच धरलेलं होतं आणि ते तळाशी भरपूर प्राणवायू दाखवत होतं. प्रबंध द्यायला महिना उरला होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, “हे असं कसं?” मी म्हणाले, “नमुने घेताना चूक झाली असेल.”

नमुने मामा घेतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी विद्यार्थ्यांसमोरच त्यांना झापलं. “इतकी वर्षं झाली, अजून बूच लावता येत नाही? टाकून द्या त्या बाटल्या!”

दुपारी मामा माझ्या टेबलापाशी आले. “ताई, माझ्या हातनं चुकलं आसतं तर वारं आत गेलं आसतं. मग बाटली तांबडी व्हायला पायजे हुती की. पांढरी कशी झाली?”

त्याच क्षणी मला कळलं होतं. चूक बाटलीत नव्हती, माझ्या मॉडेलमध्ये होती. “बघते, मामा,” एवढंच म्हणाले. बघितलं नाही. प्रबंधात त्या चार आकड्यांपुढे ‘नमुना सदोष’ लिहिलं आणि पदवी घेतली. पेढा दिला तेव्हा मामांनी तो कपाळाला लावला. “लई मोठ्या व्हा.”

त्यांच्या निरोपसमारंभात मी भाषण केलं. भाकरीबद्दल बोलले, वक्तशीरपणाबद्दल बोलले. मामा पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते, सर त्यांच्या शेजारी. बाटल्यांचा विषय माझ्या ओठांपर्यंत आला आणि मी आभार मानून खाली बसले.

गेल्या वर्षी मी मॉडेलमध्ये पाण्याचे दोन थर केले. वरचं गोडं पाणी झाकणासारखं बसतं, खाली हवा पोचत नाही. चारही बाटल्या बरोबर जुळल्या. प्रबंधातून छापलेल्या लेखाला मामांच्या नावानिशी दुरुस्ती जोडली आणि तो कागद घेऊन कुरुंदवाडला त्यांच्या घरी गेले.

मामी दारात आल्या. मामांना जाऊन दोन महिने झाले होते.

कागद मामींच्या हातात तसाच राहिला. त्यांनी आतून मेणाने बूच बंद केलेली एक बाटली आणली.

“ही तुमच्या हापिसातली न्हवं का? कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. रोज सकाळी उजेडाला धरून बघायचे. ‘पांढरीच हाय’ म्हणायचे, आन् मगच च्या घ्यायचे.”

मी बाटली दाराच्या उजेडात तिरकी धरली. साका पांढराच होता. आत बुडबुडा एकही नव्हता.