वर्षाच्या आत आणलेलं मशीन

वडील गेले त्या वर्षी मी राहात्याहून सुतारकामाचं मशीन आणलं. रंधा, करवत आणि ड्रिल असं तिन्ही त्यात एकत्र होतं. मागच्या खोलीत असं मशीन बसवायचं, हे वडिलांच्या आणि माझ्या मनात फार दिवसांपासून होतं. टेम्पो दारात थांबला आणि आत्या उंबऱ्यातच उभी राहिली.

"वरीस सरलं न्हाई अन् घरात नवी वस्तू?"

"नवी कुठे, आत्या? एका सुताराने आयुष्यभर वापरलंय."

आई पुढे आली. मशीनवरचे ओरखडे आणि खाचांत अडकलेला जुना भुसा निरखून ती म्हणाली, "वन्सं, याच्यापेक्षा आपण दोघी नव्या दिसतो."

आत्याला हसू आवरेना. ती बाजूला झाली, पण हळदकुंकू लावायला काही आली नाही.

संध्याकाळी मी वडिलांनी जपून ठेवलेली सागवानी फळी रंध्यावर धरली. लाकडाचा वास घरभर पसरला, तशी आत्या दारात आली.

"यातनं मला एक पाट करून दे."

"पाट नवा होईल, आत्या. वर्षाच्या आत चालेल?"

"फळी जुनीच हाय की," ती म्हणाली. "माझ्या भावाची."